मिक्सिंग लॅबचं जुनं वर्कस्टेशन: कुलूपबंद बोर्डावर ओव्हरक्लॉक, कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

ह्या जुन्या मशीनला ओव्हरक्लॉक करायचंय, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर पळवायचाय. आधी मशीन काय आहे ते लिहून ठेवतो म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. ब्रँडेड वर्कस्टेशन आहे, एका डिझाईन ऑफिसातून निघालेलं, सुरतहून सेकंडहँड आलेलं. एक्स५८ चिपसेट, एलजीए १३६६ सॉकेट, आत झिऑन डब्ल्यू३५२० म्हणजे ४ कोर २.६६ गिगाहर्ट्झ, रॅम ६ जीबी, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क, पॉवर सप्लाय ५२५ वॅटचा. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या काळातली जवळपास सगळीच ब्रँडेड मशीन्स अशीच कुलूपबंद, म्हणजे त्यात स्पीड वाढवायची सोय नाही, कोणा एकाचा दोष नाही.

काम काय तर लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग. दादा (माझा आतेभाऊ) शूटिंगला जातो, अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव, पार शिरपूरपर्यंत, आणि कार्ड आणून माझ्यासमोर टाकतो. हळद, मांडव, लग्न, बिदाई, तीन कॅमेरे. सॉफ्टवेअर एडियस, जुनं व्हर्जन. आता एडियसचा एक मुद्दा असा की एच.२६४ (नेहमीचा व्हिडिओ फॉरमॅट) एक्सपोर्टला ते इंटेलचं क्विकसिंक, म्हणजे व्हिडिओ पटकन एनकोड करणारं सर्किट, वापरतं, पण क्विकसिंक प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये असतं आणि या झिऑनमध्ये ग्राफिक्स नाहीच, म्हणजे सगळा भार कोरवर. आमच्या व्हर्जनला ग्राफिक कार्डाकडूनही एनकोडिंग करून घेता येत नाही. म्हणून प्रोसेसर जेवढा दमदार तेवढी लॅब दमदार, सरळ हिशोब.

दहा मिनिटांची एक टेस्ट टाइमलाइन बनवून ठेवली, तीन कॅमेऱ्याची, कलर करेक्शन आणि टायटलसकट. आज एक्सपोर्टला ३१ मिनिटं. पुढे जे काही करेल ते ह्याच टाइमलाइनवर मोजणार.

दादा म्हणतो नवीनच घेऊन टाकू. घेऊ शकतो, पण चांगलं मशीन साठ-सत्तर हजाराच्या खाली बसत नाही आणि लग्नसराईच्या आधी तेवढा पैसा नवीन कॅमेऱ्यात गेला तर जास्त कामाचा. त्याला म्हटलं दादा मला पंधरा-सोळा हजार दे आणि जूनपर्यंत थांब.

९ फेब्रुवारी

मशीन उघडलं. कॅबिनेटचं काम खरंच बघण्यासारखं आहे, जाड पत्रा, साइड पॅनल एका खटक्यात निघतं, हार्डडिस्कच्या पट्ट्या निळ्या प्लॅस्टिकच्या, स्क्रू ड्रायव्हर लागतच नाही.

आतमध्ये कापूस. खोटं नाही सांगत, हीटसिंकच्या पात्यांमध्ये पंख्याच्या बाजूने राखाडी रंगाचा नमदा बसलेला, चिमटीत धरून ओढला तर अख्खा थर एका तुकड्यात निघाला, मागे पात्यांच्या रेघा उमटलेल्या. आमची लॅब जिनिंगच्या रस्त्यावर आहे, दिवाळीपासून कापसाच्या गाड्या चालू होतात ते मार्चपर्यंत, हवेत बारीक तंतू असतात, आणि तो तंतू धुळीला धरून ठेवतो. नुसती धूळ ब्लोअरने उडते, तंतूवाली धूळ उडत नाही, ब्लोअरने मारली तर अजून आत जाऊन बसते. आधी ब्रशने आणि चिमट्याने बाहेर ओढायची, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, फिरू द्यायचं नाही.

प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट पार वाळलेली, नखाने खरवडली तर पापुद्रे निघाले. चिपसेटचं हीटसिंक पण काढलं. ते बहुतेक लोक काढत नाहीत. एक्स५८ ची नॉर्थब्रिज चिप एकटीच २४ वॅटपर्यंत खाते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिला वारा नसला तर मशीन विनाकारण हँग होतं आणि लोक रॅम बदलत बसतात. दोन्हीकडे नवीन पेस्ट. नुसत्या ह्या सफाईने फुल लोडवरचं तापमान ७९ वरून ६७ वर आलं, खोलीत २४-२५ डिग्री असताना.

१६ फेब्रुवारी

कुलूप म्हणजे नेमकं काय ते लिहितो, कारण जळगावच्या गोलाणी मार्केटला दोन जणांनी मला सांगितलं की ब्रँडेडमध्ये ओव्हरक्लॉक होतच नाही, विषय सोड.

असेंबल केलेल्या एक्स५८ बोर्डाच्या बायोसमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) सगळं उघडं असतं, बेस क्लॉक, मल्टिप्लायर (ह्या दोघांचा गुणाकार म्हणजे प्रोसेसरचा स्पीड), व्होल्टेज. माझ्या बायोसमध्ये यातलं एकही पान नाही. टर्बो (कामाप्रमाणे स्पीड आपोआप थोडा वाढणं) चालू-बंद, हायपरथ्रेडिंग (एका कोरवर दोन कामं) चालू-बंद, बस. कंपनीची बाजू पण समजते, त्यांना हजारो ऑफिसात तीन वर्षं ऑनसाइट वॉरंटी द्यायची असते, कोणी उठून व्होल्टेज वाढवत बसलं तर त्यांचा माणूस रोज फेऱ्या मारेल. पण आता वॉरंटी संपून जमाना झाला आणि मशीन माझं आहे.

पूर्वी कोर २ च्या काळात लोक प्रोसेसरच्या एका पॅडवर टेपचा बारीक तुकडा चिकटवून बोर्डाला फसवायचे, म्हणजे १०६६ ची बस १३३३ वर जायची. १३६६ सॉकेटला बेस क्लॉक १३३ मेगाहर्ट्झ असतो आणि तो वाढवायचा तर क्लॉक जनरेटरच्या चिपशी बोलावं लागतं, त्यात रॅमचा स्पीड पण सोबत वाढतो. त्या रस्त्याला मी जाणार नाही.

राहिला मल्टिप्लायर. आणि इथेच गंमत आहे, मल्टिप्लायर बोर्डात नसतोच, तो प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमध्ये असतो. बायोस फक्त चालू होताना त्यात आकडा लिहितो. प्रोसेसरने परवानगी दिली असेल तर विंडोजमधून पण तोच आकडा बदलता येतो. म्हणजे बोर्डाला कुलूप असलं तरी चावी प्रोसेसरसोबत येते, फक्त चावीवाला प्रोसेसर घ्यायला पाहिजे. १३६६ मध्ये असे प्रोसेसर मोजके, आय७ चे एक्स्ट्रीम मॉडेल आणि सहा कोरवाल्या झिऑनमध्ये डब्ल्यू३६८० आणि डब्ल्यू३६९०. मी ३६८० बघतोय. ६ कोर, १२ थ्रेड, ३.३३ गिगाहर्ट्झ, १२ एमबी कॅश, ३२ नॅनोमीटर, २०१० चा माल. वॅट बघा, माझा जुना ४ कोरवाला पण १३० वॅट आणि हा ६ कोरवाला पण १३० वॅट, म्हणजे हीटसिंक आणि पॉवर सप्लाय दोघांना फरक पडायला नको.

त्याच्याआधी बायोस अपडेट. ३५२० हा ४५ नॅनोमीटरचा, नवीन ३२ चा, जुन्या बायोसला तो ओळखता येत नाही, मशीन काळ्या स्क्रीनवर पंखे फिरवत बसतं. म्हणून जुना प्रोसेसर आत असतानाच अपडेट करून घ्यायचा. सकाळी सहाला केलं, त्या टायमाला लाईट जात नाही आणि व्होल्टेज पण २३० च्या आसपास असतं. यूपीएसवर तर होतंच. झालं व्यवस्थित.

२३ फेब्रुवारी

जळगावला गेलो, गोलाणी. एका दुकानात ओळखीचा भाऊ आहे, त्याने ड्रॉवरमधून ट्रे काढला, त्यात १३६६ चे आठ-दहा प्रोसेसर. त्याने एक्स५६८० हातात दिला, म्हणाला घे भाऊ सेम टू सेम, ३.३३, सहा कोर, उलट हा सर्व्हरवाला आहे. बरोबर आहे त्याचं, कॅश सेम, स्पीड सेम, वॅट सेम. पण एक्स५६८० चा मल्टिप्लायर वरच्या बाजूने बंद असतो. असेंबल बोर्डवर बेस क्लॉक वाढवून तो पळवता येतो, आपल्या कुलूपबंद बोर्डावर तो जसा आला तसाच राहील. मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने स्वतः भिंग काढून सगळे प्रोसेसर पालथे-उताणे करून बघितले. डब्ल्यू३६८० नव्हता. तो म्हणाला सुरतला माणूस आहे, विचारतो.

घ्यायचा असेल तर झाकणावरची ओळ वाचूनच घ्या. झिऑन, डब्ल्यू३६८० आणि खाली ३.३३ गिगाहर्ट्झ / १२एम / ६.४०. पुढचं अक्षर डब्ल्यू पाहिजे. एक्स आणि ई वाले स्वस्त मिळतात आणि चांगले पण आहेत, पण ह्या कामाचे नाहीत.

२ मार्च

प्रोसेसर आला, सुरत-भुसावळ लाईनच्या गाडीने, एका ओळखीच्या माणसाच्या डब्यासोबत. अडीच हजार. सॉकेटच्या पिना १३६६, त्या बोर्डावर असतात प्रोसेसरवर नाही, म्हणून बसवताना सरळ वरून खाली ठेवायचा, सरकवायचा नाही, खाचा जुळल्या की तो आपोआप बसतो. बसवला, बायोसने पहिल्याच फटक्यात नाव बरोबर दाखवलं.

टेस्ट टाइमलाइन: १७ मिनिटं. ओव्हरक्लॉक न करता! ३१ चे १७. सगळे कोर लागले की हा आपोआप २६ च्या मल्टिप्लायरवर चालतो, २६ गुणिले १३३ म्हणजे ३.४६. कमी कोरवर काम असलं तर ३.६ पर्यंत. जुना ४ कोर २.८ वर चालायचा. दादाला लॅबमध्ये बोलावून दाखवलं, तो काही बोलला नाही, फक्त खालून चहा सांगितला.

५ मार्च

रॅम. ह्या बोर्डाला तीन चॅनल आहेत, म्हणून तीन किंवा सहाच कांड्या लावायच्या, चार लावल्या तर चालतं पण एक चॅनल वेगळा पडतो. ४ जीबीच्या सहा ईसीसी (चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या) कांड्या घेतल्या, २४ जीबी. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड ह्या दोन जातीच्या कांड्या एकत्र लावू नका, मशीन चालूच होत नाही, आणि सेकंडहँड बाजारात दोन्ही एकाच ढिगात असतात. स्टिकरवर पीसी३-१०६००ई किंवा पीसी३-१०६००आर असं असतं, ई म्हणजे अनबफर्ड ईसीसी, आर म्हणजे रजिस्टर्ड. रात्रभर मेमटेस्ट लावला, एकही एरर नाही.

९ मार्च

थ्रॉटलस्टॉप. छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे, मूळ लॅपटॉपवाल्यांसाठी बनलेलं, पण ते प्रोसेसरच्या रजिस्टरशी थेट बोलतं म्हणून इथे कामाचं. टर्बो रेशोच्या खिडकीत १ कोर चालू असताना किती, २ असताना किती, असं ६ पर्यंत आकडे असतात. बंद प्रोसेसर असला की ते आकडे फिक्के दिसतात, बदलता येत नाहीत. माझ्याकडे ते उघडे दिसले. तो क्षण खरंच भारी होता, इतकी वर्षं कोणी हात न लावलेली गोष्ट होती ती.

सहाही ठिकाणी २८. लागू केलं. ३.७३ गिगाहर्ट्झ दाखवतंय. प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारं टेस्ट सॉफ्टवेअर) लावलं आणि अर्ध्या मिनिटात स्पीड २७ वर उतरला, मग २६. कारण प्रोसेसरमध्ये दुसरी एक मर्यादा असते, १३० वॅटची. ती ओलांडली की तो स्वतःच मल्टिप्लायर खाली घेतो. ह्याची पण खिडकी त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, वॅट आणि अँपिअर दोन्हीची. वॅट १६० केले, अँपिअर त्या प्रमाणात. आता २८ वर टिकतंय. तापमान ७२.

टेस्ट टाइमलाइन १५ मिनिटं ५० सेकंद.

रीस्टार्ट केलं की सगळं पुसून जातं, बायोस पुन्हा आपला आकडा लिहितो. स्लीपमधून उठलं तरी तेच. म्हणून टास्क शेड्यूलरमध्ये लॉगिन झाल्या झाल्या चालू होईल असं लावलं आणि स्लीप बंदच करून टाकला. मला तर हे पुसून जाणं आवडलं, काही बिघडलं तर बटण दाबून बंद करा, परत चालू करा, मशीन कंपनीने दिल्यासारखं.

१५ मार्च

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून वरचा अंदाज घेतला. २९ म्हणजे ३.८६. प्राइम९५ तासभर चाललं, ७६ डिग्री. ३० म्हणजे ४ गिगाहर्ट्झ, विंडोज चालू, ब्राउझर चालू, पण प्राइम लावताच निळी स्क्रीन, १२४ नंबरची. ओव्हरक्लॉकमध्ये ही बहुतेक वेळा व्होल्टेज कमी पडल्याची खूण. आपल्याला व्होल्टेज हातात नाही, प्रोसेसर जेवढं मागतो तेवढंच बोर्ड देतो, आणि तो मागतो कारखान्यात ठरलेल्या टर्बोच्या हिशोबाने, आपल्या हिशोबाने नाही. म्हणून ३० चा नाद सोडला.

२९ पण दिसायला ठीक होतं, पण इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची बिघाडांची नोंदवही) उघडून बघितलं तर डब्ल्यूएचईए-लॉगरच्या पिवळ्या ओळी. म्हणजे प्रोसेसरकडून चूक झाली आणि त्यानेच ती दुरुस्त केली. गेम खेळणारा माणूस याच्यावर काट मारून पुढे जाईल. मी नाही जाऊ शकत. आपल्या हातात लोकांची लग्नं आहेत. एखाद्या फ्रेममध्ये हिरवा चौकोन आला आणि तो नेमका पोरगी बापाच्या गळ्यात पडते तिथे आला, आणि ती डीव्हीडी-पेनड्राइव्ह घरी जाऊन पाहुण्यांसमोर लागली, तर मी काय सांगणार त्यांना, ४ मिनिटं वाचवली म्हणून? पिवळी एक ओळ जरी आली तरी तो आकडा माझ्यासाठी बाद. २८ वर एकही ओळ नाही. २८ फायनल.

२३ मार्च

डिस्क. बोर्डावरचं साटा ३ जीबीपीएसचं, म्हणजे कितीही महागडी एसएसडी लावा, २७०-२८० एमबीच्या वर जात नाही. तरी विंडोजसाठी साधी ५०० जीबीची साटा एसएसडी घेतली, कारण हार्डडिस्कच्या तुलनेत तेवढं पण खूप आहे. फुटेजसाठी १ टीबीची एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) घेतली आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या कार्डावर लावून दुसऱ्या ग्राफिक स्लॉटमध्ये टाकली. ह्या जुन्या बायोसला एनव्हीएमईवरून बूट होता येत नाही, पण विंडोज १० आत गेल्यावर तिला डेटा ड्राइव्ह म्हणून ओळखतं. पीसीआय एक्स्प्रेस २.० असल्याने १५००-१६०० एमबी मिळतात, तीन कॅमेऱ्याला पुरून उरतात. टाइमलाइनवर प्ले दाबल्यावर आधी जो अर्धा सेकंद थांबायचा तो गेला. रोजच्या कामात मला हा बदल प्रोसेसरपेक्षा जास्त जाणवतो.

ग्राफिकला जुनं १०५० टीआय, ७५ वॅटचं, वेगळी पॉवर वायर लागत नाही. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, लावलं चाललं.

६ एप्रिल

उन्हाळा आला. लॅब वरच्या मजल्यावर, पत्र्याचं छत, खिडकी पश्चिमेला. दुपारी तीनला खोलीत ३९. २८ वर एक्सपोर्ट लावला तर प्रोसेसर ८७, चिपसेटच्या हीटसिंकला बोट टेकत नाही. मार्चच्या सुरुवातीला हाच आकडा ७२ होता. हिशोब सरळ आहे, हवेवर थंड होणाऱ्या मशीनमध्ये खोली जेवढी डिग्री वाढली तेवढीच जवळपास प्रोसेसरवर वाढते. पुण्या-बंगळुरूच्या माणसाने २९ वर स्टेबल म्हटलं तर त्याचं खरं आहे, त्याच्या खोलीत २७ डिग्री आहे. आपल्याला आपला आकडा चैत्र-वैशाखाच्या दुपारी तीन वाजताच ठरवावा लागेल, जानेवारीत ठरवलेला आकडा जानेवारीचा.

कूलर आहे, मोठा, वाळ्याच्या ताट्यांचा. एप्रिलमध्ये हवा एवढी कोरडी असते की कूलर खोली सात-आठ डिग्री सहज खाली आणतो. पण मशीन त्याच्या तोंडासमोर ठेवू नका, पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि आपल्या बोअरचं पाणी जड, जिथे वाळतं तिथे पांढरा थर. एका बाजूला ठेवायचं आणि समोरची खिडकी उघडी ठेवायची म्हणजे हवा खेळती राहते.

१३ एप्रिल

मशीन खाली आणलं. खालची मागची खोली आजोबांच्या वेळची, धाब्याची. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, लाकडी सऱ्या, त्यावर काड्या-फाट्या, त्यावर हातभर जाड माती, वरून खारी माती लिंपलेली. भिंती पण मातीच्या, दोन हात रुंद. दुपारी तीनला वर ३९-४० आणि इथे ३१. कूलर न लावता. मी थर्मामीटर दोन्हीकडे ठेवून बघितलं, कारण विश्वास बसत नव्हता. एक्सपोर्ट २८ वर: ७८.

एकही रुपया न घालता नऊ डिग्री. बाजारातला हजार रुपयाचा प्रोसेसरचा कूलर लावून एवढा फरक पडत नाही, आणि ह्या बोर्डाला तो बसत पण नाही, स्क्रूची बैठक कॅबिनेटच्या पत्र्यातच आहे.

एक अडचण, धाब्यातून माती झरते. उंदीर फिरला, वारा सुटला की बारीक माती खाली. आईने सांगितलं पूर्वी वर कापड ताणून बांधायचे. तेच केलं, मांडववाल्याकडून जुनं पांढरं कापड घेऊन चारी बाजूने खिळे मारून ताणलं. मशीनच्या तोंडाला पुढून नायलॉनची बारीक जाळी, दर रविवारी धुवायची.

शेजारचे आप्पा खुर्ची टाकून बसले होते, काय करी ऱ्हायना रे भो, म्हणाले. मी म्हटलं आप्पा, तुमच्या धाब्यामुळे कॉम्प्युटर पळतोय. आप्पा म्हणाले धाबं पाडून स्लॅब टाकायचा म्हणत होते पोरं, आता त्यांना सांगतो थांबा म्हणून.

२२ एप्रिल

अखाजी (अक्षय्य तृतीया) आठवड्यावर आली. तारखा फुल्ल.

पुढचा पंखा बदलला. ब्रँडेडमध्ये पंख्याचा कनेक्टर ५ पिनचा, बाजारातला ४ पिनचा, आणि तारांचा क्रम पण वेगळा. जुन्या पंख्याचा कनेक्टर कापून ठेवला, नव्या १२० एमएमच्या तारा एकेक मीटरने तपासून त्याला जोडल्या, डाग देऊन वरून श्रिंक ट्यूब. पंखा नुसता काढून टाकला तर बायोस चालू होताना थांबतं आणि एफ१ दाबायला लावतं, म्हणजे लाईट जाऊन आली की मशीन अर्ध्यातच उभं. आता बरोबर ओळखतं. प्रोसेसर ७३, खोली ३१.

४ मे

यूपीएस. लाईट गेली की मशीन रीस्टार्ट व्हायचं, यूपीएस चालू असून. बॅटरी नवीन, तरी. वर्कस्टेशनचा पॉवर सप्लाय अॅक्टिव्ह पीएफसीचा (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या सर्किटचा) असतो, आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर नीट साइन वेव्ह न देता पायऱ्या-पायऱ्यांची वेव्ह देतो, काही पीएफसी सप्लायना ते पचत नाही, शिवाय बदलताना जो मिलीसेकंदांचा खंड पडतो त्यात ते सोडून देतात. लोडवर असताना जास्त. मोजलं तर भिंतीतून २६० वॅटपर्यंत ओढतंय फुल एक्सपोर्टला, शांत असताना ११५. घरातला इन्व्हर्टर प्युअर साइनचा आहे, त्याच्या लाईनवर मशीन घेतलं, यूपीएस मोडवर ठेवलं. आता लाईट गेली तरी एक्सपोर्ट चालू राहतो. संध्याकाळी व्होल्टेज १८०-१९० ला येतं, त्यासाठी आधीचा स्टॅबिलायझर तसाच पुढे ठेवला.

ओव्हरक्लॉक करणाऱ्याने आपल्या भागात आधी इथे पैसे घालावेत असं माझं ठाम मत आहे. ३.७३ च्या मशीनवर अर्धा झालेला एक्सपोर्ट लाईट जाऊन गेला तर ते २.६६ च्या मशीनपेक्षा स्लोच म्हणायचं.

११ मे

सखाराम महाराजांची यात्रा चालू आहे, बोरी नदीच्या पात्रात पाळणे लागलेत, रात्री घरातली सगळी तिकडे. मी मशीनला एका मागोमाग एक सहा लग्नांची रांग लावली आणि मी पण जाऊन आलो. परत आलो तेव्हा पाचवं चालू होतं. तापमानाचा लॉग बघितला, सगळ्यात वरचा आकडा ७४. इव्हेंट व्ह्यूअर कोरं.

अखाजीच्या आधीची कामं दादाने लोकांना पंधरा दिवसात देतो म्हणून सांगितली होती, सगळी वेळेत गेली. मागच्या वर्षी हीच कामं आषाढात गेली होती आणि लोकांची तोंडं बघवत नव्हती.

२५ मे

अवकाळी. ढग, पाऊस, आणि हवेत ओल. कूलरचा उपयोग संपला, तो आता नुसता दमटपणा वाढवतो, बंद करून टाकला. खोली २९, प्रोसेसर ७१. मशीन बंद असताना वरून प्लॅस्टिक टाकत नाही, आत ओल धरते. त्यापेक्षा रोज तासभर चालू ठेवलेलं बरं.

धाब्याच्या एका कोपऱ्यात गळलं, मशीनपासून लांब. पावसाळ्याआधी खारी माती आणून लिंपून घ्यायची.

८ जून

ह्या मशीनच्या हद्दी पण लिहायला पाहिजेत. ह्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स (नव्या प्रोसेसरमधल्या जास्तीच्या गणिती सूचना) नाही. त्याच्या पुढच्या पिढीपासून ते आलं. त्यामुळे काही नवीन सॉफ्टवेअर उघडतच नाहीत, कितीही गिगाहर्ट्झ द्या. आमचं एडियस चालतं, तेवढं पुरे. फोर के तीन कॅमेऱ्याचं काम आलं तर प्रॉक्सी (फुटेजची हलकी कॉपी) बनवून करावं लागतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, त्यानंतर हे मशीन नेटला जोडणार नाही, फुटेज ड्राइव्हवरूनच येतं, नेटची गरज नाही. बिलं आणि मेलला लॅपटॉप आहे.

खर्च दादाच्या पंधरा-सोळा हजारातच बसला.

पारोळ्याच्या एका फोटोग्राफर भाऊचा काल फोन आला, त्याच्याकडे हेच मॉडेल आहे, आत एक्स५६५० टाकून घेतलंय कोणीतरी, २८ कसं लावायचं विचारत होता. त्याला सांगितलं भाऊ तुझा प्रोसेसर चांगला आहे पण बंद आहे, थ्रॉटलस्टॉपमध्ये रेशोचे आकडे फिक्के दिसतील, त्याच्यावर वेळ घालवू नको. डब्ल्यू३६८० किंवा ३६९० मिळाला तर घे, एक्स५६५० विकून वर थोडेच पैसे लागतील. ३२ नॅनोमीटरचा आधीच चालतोय म्हणजे बायोसचं टेन्शन नाही. तो म्हणाला लॅब कुठे आहे तुझी, मी म्हटलं मुद्दा तो नाही, तुझी कुठे आहे ते सांग. दुसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली. रविवारी थर्मामीटर घेऊन जातोय त्याच्याकडे, आधी खोली बघू, मग प्रोसेसर मागवू.